बास्केटबॉलमधला खो

बारामतीच्या आमच्या कॉलेजात मुलींच्या बास्केटबॉल संघाचा खेळ एकदम सोपा होता. बॉल हातात आला की तो आमच्या उंच मुलीकडं फेकायचा, पुढचं ती बघायची. बास्केटखाली डाव्या बाजूला तिची जागा ठरलेली. तिथं ती हात वर करून उभी राहायची आणि आम्ही बाकीच्या चौघी फक्त तिथंपर्यंत बॉल पोचवायचो. याला आम्ही डावपेच म्हणायचो.

बॉल पुढं घेऊन जायचं काम माझं. कर्णधारही मीच, कारण सगळ्यांत मोठा आवाज माझा. मी भवानीनगरची. वडील साखर कारखान्यात. कारखान्याचा भोंगा ऐकत वाढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही, निदान मला तरी येत नाही. रागही नाकावर. कुणी नुसतं कोपर लावलं तरी मी दोन लावून मोकळी व्हायचे आणि मग पंचांशी भांडायचे.

मी शेवटच्या वर्षाला असताना, ऐन सामने तोंडावर आलेले असताना, आमची उंच मुलगी पोलीस भरतीत निवडली गेली. पेढे घेऊन कोर्टावर आली. मी तिला मिठी मारली, पेढा खाल्ला आणि मग म्हणाले, "मार्चपातूर थांबता आलं न्हाय व्हय गं तुला?" ती हसली. तिचे डोळे भरून आले होते, माझेही. घरात पहिली सरकारी नोकरी होती ती. थांब कुठल्या तोंडानं म्हणणार? दुसऱ्याच आठवड्यात ती ट्रेनिंगला गेली.

त्यानंतरच्या पहिल्याच सरावाला मी बॉल घेऊन पुढं गेले आणि सवयीनं, न बघताच, डावीकडं फेकला. तिथं कुणी नव्हतं. बॉल कोर्ट ओलांडून पलीकडच्या पार्किंगमध्ये गेला आणि स्कूट्यांच्या खाली शिरला. सगळ्या हसल्या. थोड्या वेळानं दुसरीनं तेच केलं. मग तिसरीनं. हसू हळूहळू थांबलं. ती नाही हे डोक्याला कळत होतं, पण हात ऐकायला तयार नव्हते. कित्येक दिवस आम्ही त्या रिकाम्या जागेला बॉल देत राहिलो आणि गाड्यांखालून काढून आणत राहिलो.

आमचे सर मूळचे कबड्डीचे. बास्केटबॉल त्यांच्या गळ्यात कॉलेजनं घातलेला. त्यांनी खूप शोधाशोध केली, पण उंच मुलगी काही मिळाली नाही. एके दिवशी ते एका बुटक्या, काटक मुलीला घेऊन आले. पहिल्या वर्षाची, इंदापूरकडच्या निरवांगीची. खो-खो खेळणारी. पण कॉलेजचा खो-खोचा संघ आधीच भरलेला, बाहेर आणखी मुली रांगेत.

"तितं जागा न्हाय, हितं माणूस न्हाय," सर म्हणाले. "बघा जमवून."

मी तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. खालपासून वरपर्यंत म्हणजे फार काही नव्हतंच. उंचीच्या बदल्यात ही? माझ्या तोंडावर जे दिसायचं ते दिसलं असणार, कारण पोरीनं मान खाली घातली.

तिचा पहिला सराव मी आयुष्यात विसरणार नाही. तिच्या हातात बॉल दिला तर ती तो काखेत मारून सरळ धावत सुटली. आपटत न्यायचा असतो हे सांगितलं, तेवढं कळलं. पण एकदा धावायला लागली की ती वळेचना. बॉल तिच्याकडं असो नसो, ती कोर्टाच्या टोकापर्यंत जायची, बास्केटच्या खांबाला हात लावायची आणि मगच मागं फिरायची. खो-खोत एकदा दिशा धरली की खांबापर्यंत जावंच लागतं, मध्येच उलटं फिरलं तर फाऊल. लहानपणापासून हेच अंगात मुरलेलं. त्याहून कहर म्हणजे समोरच्या मुलीच्या हातात बॉल दिसला की ही सूर मारून तिला शिवायची आणि उभी राहून आमच्याकडं बघायची, की झाली ना आऊट!

"अगं बाई, शिवून कुणी आऊट होत न्हाय हितं!" मी ओरडले. "तू फक्त फाऊल केलास!"

"चुकलं, ताई," ती म्हणायची. आणि पुन्हा शिवायची.

एका संध्याकाळी माझा बॉल असाच रिकाम्या जागेवरून पार्किंगमध्ये गेला. मी गुडघ्यावर बसून गाडीखाली हात घालत होते. दुसऱ्या बाजूनं ही वाकली. बॉल तिच्या हाताला लागला, पण तिनं तो दिला नाही. तिथंच, गाडीच्या पलीकडून, तिनं विचारलं, "ताई, इंदापूरच्या सामन्यात मला खेळायला मिळंल का ओ?"

"का?"

"आबा येणार हायेत बघायला."

आबा म्हणजे तिचे आजोबा. घरातला शब्द त्यांचा. पूर्वी मेंढरं घेऊन मुलूखभर फिरलेले, आता घरचा ऊस बघणारे. नातीला हॉस्टेलवर ठेवायला त्यांचं मन नव्हतं. पण शाळेत तिनं खो-खोत ढाली आणल्या होत्या, त्या त्यांनी घरात पुढंच मांडून ठेवल्या होत्या, म्हणून या एका वर्षापुरते कबूल झाले. दिवाळीला ही घरी गेली तेव्हा त्यांनी विचारलं, खो-खोत हायेस न्हवं? हिनं खरं ते सांगितलं. खो-खोत घेतलं नाही, दुसऱ्या एका खेळात आहे, पण सध्या बाकावर बसते.

"आबा म्हनले, बसायला बारामतीला कशाला ऱ्हायला पायजे? बसायचंच आसंल तर घरी बस. परीक्षा बाहेरून दे." ती बॉल पोटाशी धरून सांगत होती. "मी खेळताना दिसली न्हाय तर न्हेतील मला."

मला एकदम भडभडून आलं. मला मघापर्यंत ती पोर म्हणजे आमच्या नशिबाची थट्टा वाटत होती. आणि इथं तिचं सगळं शिक्षण एका सामन्याला टांगलेलं होतं, तेही अशा खेळाच्या, ज्यात तिला बॉल कुठल्या हातात धरायचा ते कळत नव्हतं.

"दे तो बॉल," मी म्हणाले. "आणि रडू नको. रडणाऱ्या पोरी मला आवडत न्हाईत." हे म्हणताना माझाच आवाज फाटला.

दुसऱ्या दिवसापासून मी तिला वळायला शिकवायचं सोडून दिलं. ती वळत नाही ना? मग न वळू दे. बॉल आमच्या हातात आला की तिनं फक्त दिशा धरायची आणि समोरच्या खांबाकडं सुटायचं. बॉल मी तिच्या पुढं टाकणार. तिच्या वेगानं धावणारी मुलगी अख्ख्या जिल्ह्यात नसेल असं मला वाटायचं, आजही वाटतं. अडचण एकच, ती मागं बघायचीच नाही. बॉल तिच्या डोक्यावरून, कानाजवळून निघून जायचा. "बॉल!" म्हणून ओरडलं तरी ऐकू आल्याचं लक्षण नाही. शेवटी वैतागून माझ्या तोंडून निघालं, "खो!"

ती अशी फिरली, दोन्ही हात पुढं, की बॉल थेट तिच्या पंज्यात जाऊन बसला. आम्ही सगळ्या बघतच राहिलो. मग ती खांबाजवळ होतीच, तिनं बॉल वर टाकला. गेला नाही आत, पण तो पुढचा प्रश्न होता.

मग बाकीच्याही खो म्हणायला लागल्या. पलीकडं सराव करणारी मुलं पोट धरून हसायची. आमच्यातल्याच शेळगावच्या एकीला लाज वाटायची, ती हळूच खो म्हणायची. तिला मी सांगितलं, "म्हणायचं तर घसा फाडून म्हण, न्हायतर बॉल देऊ नको." उंच मुलीच्या वेळी आम्ही उभ्या राहायचो, आता धावायला लागलो. धापा टाकत होतो, चुकत होतो, पण पार्किंगमध्ये बॉल जाणं कमी झालं. ते कधी कमी झालं ते मात्र आठवत नाही.

इंदापूरला सामन्याच्या दिवशी निघालो तर ऊस कारखान्याकडं निघालेला. दोन-दोन ट्रेलर लावलेले ट्रॅक्टर पुढं, त्यांच्या मागं आमची जीप. अशा वेळी मी ड्रायव्हरला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पोचलो तेव्हा आबा मैदानावर येऊन बसलेही होते. पांढरी टोपी, मांडीवर पिशवी, आमच्या बाकाला लागूनच असलेल्या सिमेंटच्या पायरीवर.

सरांनी तिला सुरुवातीला घेतलं नाही. मी भांडले. ते म्हणाले, "ती कुणालातरी शिवून ठेवती गं. बघू नंतर." त्यांचंही खोटं नव्हतं. समोरचा संघ तगडा होता.

पहिला अर्धा भाग संपेपर्यंत ती बाकावर. आबांनी आधी सरांकडं बघितलं, मग मैदानाकडं, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आमची का बसलीया?"

"येळ आली की उठवू, आबा," सर म्हणाले.

आबांनी पिशवीचं तोंड आवळलं. ती पोर समोर बघत होती, पण तिला काही दिसत नसणार.

माझं लक्ष खेळात कमी आणि बाकाकडं जास्त. त्यात समोरची एक धिप्पाड मुलगी सारखी ढकलत होती. माझे फाऊल वाढत गेले. पाचवा झाला की खेळाडू बाहेर, पुन्हा आत येणं नाही. खेळ संपत आला असताना तिनं पुन्हा कोपर लावलं आणि माझा हात सुटला. शिट्टी वाजली. पंचांनी पाची बोटं दाखवली.

कॉलेजातला माझा शेवटचा सामना होता तो. सर उठले, शेळगावच्या मुलीकडं वळले. तिला सगळं येत होतं, तीन वर्षं आमच्यात होती, तिलाच पाठवणं शहाणपणाचं होतं. आणि तिच्या शेजारी ही, गुडघे पोटाशी घेऊन, मान खाली घालून बसलेली.

मी बाकाच्या मागून आले, तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "खो."

खो मिळाल्यावर बसून राहायचं तिच्या अंगातच नव्हतं. ती सुटली. सरांना विचारणं नाही, टेबलावर नाव सांगणं नाही, थेट मैदानात. तिकडं पुन्हा शिट्टी. पंचांनी तिला टेबलाकडं परत पाठवलं, सगळं मैदान हसलं. सर माझ्याकडं असे बघत होते की मला वाटलं आता कानाखाली बसणार. पण आबा पायरीवरून उठून उभे राहिले होते. सरांनी त्यांच्याकडं बघितलं, कपाळाला हात लावला आणि टेबलाकडं वळून म्हणाले, "घ्या तिला."

आम्ही हरलो. हे आधीच सांगून टाकते. पण त्या थोड्या वेळात ती जशी पळाली तसं त्या मैदानानं काही बघितलं नसेल. आमच्या पोरी घसा फाडून खो म्हणत होत्या, त्यात सगळ्यांत मोठा आवाज बाकावरच्या शेळगावच्या मुलीचा. बॉल तिच्या पुढं पडायचा, ती फिरायची, उचलायची. दोनदा आत गेला. दोन्ही वेळा तिनं आधी खांबाला हात लावला आणि मगच मागं फिरली. एकदा त्या धिप्पाड मुलीला सूर मारून शिवलंही. फाऊल होता, पण मी टाळ्या वाजवल्या.

आबा येऊन बाकावर माझ्याशेजारी बसले होते. त्यांनी विचारलं, "तुज्या जागी गेली व्हय ती?"

"व्हय, आबा."

"मग तू परत जाणार?"

"न्हाय. माझं संपलं. पुढच्या वर्षी मी नसणार हितं."

बोलता बोलता मला रडू फुटलं. इतका वेळ धरून ठेवलेलं, सगळं बाहेर आलं. आबा घाबरले असावेत. त्यांनी पिशवीतून एक पेरू काढला, धोतराला पुसला आणि माझ्या हातात ठेवला. मग मैदानाकडं बघत म्हणाले, "मग तिला ऱ्हायलाच लागंल की."

एवढंच बोलले. ती हॉस्टेलवर राहिली.

आता मी भवानीनगरलाच एका पतसंस्थेत कामाला आहे. काही कामानं बारामतीला गेले होते तेव्हा सहज कॉलेजवर डोकावले. सराव चालू होता. मी पार्किंगमध्ये गाडी लावून तिथंच उभी राहिले, हाक मारली नाही. बॉल पुढं घेऊन जायचं काम आता तिच्याकडं होतं. छान आपटत नेत होती. खांबाकडं सुटलेल्या एका नव्या मुलीकडं तिनं बघितलं, मध्येच अडली आणि सवयीनं, न बघताच, मागं मधल्या रेषेच्या उजवीकडं बॉल टाकला. तिथून मी बॉल पुढं टाकायचे, आणि अडली की ती तिथंच मला परत द्यायची. तिथं कुणी नव्हतं. बॉल उड्या मारत कोर्टाबाहेर आला आणि माझ्या गाडीच्या चाकाला येऊन थांबला.

मी तो उचलला. "डोळे फुटले का गं तुझे!" मी ओरडले, भोंग्यासारख्या आवाजात.

ती धावत आली, मला बघून थांबली आणि म्हणाली, "चुकलं, ताई."