चंदनाचा सातव्यातला मंगळ

माझा पत्रिकेवर काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. गंगावेशीत माझं फोटो फ्रेमचं दुकान आहे आणि त्याला लागून आण्णांचं ज्योतिष कार्यालय. मधली भिंत एकच, तीही पातळ. पलीकडे कुणाला साडेसाती लागली की इकडे काच कापता कापता मला ऐकू येतं. तीस वर्षं ऐकतोय, त्यामुळे विश्वास नसला तरी माहिती भरपूर आहे.

त्या कार्यालयात पाटीवर नाव आण्णांचं, पण काम सगळं चंदनाचं. चंदना आता चोपन्न वर्षांची, लोक तिला चंदाक्का म्हणतात. पत्रिका मांडायची, सुवाच्य अक्षरात लिहायची, संगणक आल्यावर छापायची, रडत आलेल्या बायकांना आधी पाणी द्यायचं. आण्णा सहा वर्षांपासून कळंब्याला घरीच असतात. तरी चंदना त्यांच्या खुर्चीत कधी बसली नाही, शेजारच्या स्टुलावरच बसायची. एवढा तिचा गुरूवर जीव.

तिचं लग्न झालं नाही ते मंगळापायी. पत्रिकेतलं सातवं घर नवऱ्याचं. तिथं मंगळ असला की मुलगी मंगळी, आणि मंगळी मुलगी नवऱ्याच्या जिवावर येते असं लोक मानतात. तिची पत्रिका आण्णांनीच मांडलेली, त्र्याण्णव साली. तिचे वडील तात्यासो हे आण्णांचे जिवाभावाचे मित्र. दोन स्थळं मंगळावरून मोडली. तिसरा सम्मेद, हातकणंगल्याचा शाळामास्तर. त्याला ती आवडली होती आणि तिलाही तो. पंच्याण्णवच्या दिवाळीत त्याच्या आईनं पत्रिका मागून घेतली आणि चार दिवसांत परत पाठवली. तात्यासोंनी हाय खाल्ली. तेव्हा आण्णा म्हणाले, "घरात बसून झुरंल पोरगी. माझ्याकडं शिकायला पाठवा." सगळी पेठ म्हणाली, आण्णा म्हणजे देवमाणूस. मीही म्हणालो. तेव्हाच जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

पहिल्याच दिवशी आण्णांनी तिला धंद्याचा नियम सांगितला: ज्योतिषानं स्वतःची पत्रिका स्वतः बघू नये. चंदनानं तो तीस वर्षं पाळला. हजारो लोकांचे ग्रह तिनं मांडले, स्वतःचे कधी नाही.

गेल्या ऑक्टोबरात बिद्रीची मोना नावाची मुलगी पत्रिका करायला आली. इंजिनिअरिंग शिकलेली, तोंडाची फटकळ. मी चहा द्यायला गेलो तेव्हा ती मोबाईल चंदनाच्या नाकापुढं नाचवत होती.

"चंदाक्का, ह्यात म्हणत्यात मी तूळ. तुमच्या कागदावर माझा रवी कन्येत. खोटं कोण बोलतंय?"

चंदना हसली. "कोणच न्हाय. मोजायला सुरुवात कुठनं केली, त्याचा फरक हाय. मार्चात दिवस-रात्र सारखी होत्यात, तिथनं मेष धरली की ते सायन. आकाशातल्या ताऱ्यांपास्नं धरली की निरयन. लई वर्सांमागं दोन्ही एकाच जागी हुतं. मग बहात्तर वर्सांत एक अंश असं सरकत सरकत आता चोवीस अंशांचं अंतर पडलंय. त्याला अयनांश म्हणायचं. परदेशात सायन चालतंय, आपल्यात निरयन. सायन पुस्तकावरनं पत्रिका मांडली तर अयनांश वजा करायला लागतोय, न्हायतर ग्रह पुढच्या घरात जाऊन बसतोय. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जन्मलेल्या कुणाचाच रवी आपल्या पत्रिकेत तुळेत..."

आणि ती बोलता बोलता थांबली. चंदनाचा जन्मही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातला. सम्मेदच्या घरून परत आलेला तो कागद तिनं तेव्हा एकदाच पाहिला होता, आणि त्यावर रवी तुळेत होता.

मोना गेल्यावर तिनं नियम मोडला. संगणकात स्वतःची तारीख, वेळ, गाव घातलं. मंगळ मकरेत, सहाव्या घरात. सहाव्यातल्या मंगळाला लग्नाच्या बाजारात कुणी विचारत नाही. ती मंगळी नव्हतीच.

"हंबीरराव, आण्णांची चूक झाल्याली हाय," ती मला म्हणाली. त्या घडीलाही ती त्यांची बाजू घेत होती. "चुकतं की माणूस. आकडेमोडीत चुकतंच."

मग तिनं फळीवरून जुनं जाडजूड सायन पुस्तक काढलं. जुन्या सालाचं पंचांग हाताशी नसलं की आण्णा त्यावरून ग्रह काढायचे. एकाहत्तर सालाच्या, म्हणजे तिच्या जन्मसालाच्या पानात एक चिठ्ठी होती. आण्णांचं अक्षर. वर लिहिलेलं, 'अयनांश वजा करायचे राहिले', आणि खाली सात नावं. सहा नावांपुढे 'दुरुस्त दिली' आणि तारीख, सगळ्या शहाण्णवच्या मे महिन्यातल्या. सातवं नाव चंदनाचं. त्यापुढची जागा कोरी होती.

तिनं ती चिठ्ठी मला दाखवली. मला आण्णांचा असा संताप आला की हातातला कप मी तिथंच आपटला. ती मात्र चिठ्ठीकडंच बघत राहिली.

लगेच मी तिला गाडीवरून कळंब्याला नेलं. आण्णा व्हरांड्यात शेंगा सोलत बसले होते. एक्क्याऐंशी वय, पण डोकं शाबूत. तिनं चिठ्ठी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी चष्मा लावला, वाचली आणि शेंगांचं सूप बाजूला सरकवलं.

"तवाच सांगायला पाहिजे हुतं," ते म्हणाले. "पण तू लई झटक्यात शिकलीस. माझी नजर अधू व्हायला लागलेली. तू सासरी गेलीस तर कार्यालय बंद पडंल, असं वाटलं. आज सांगू, उद्या सांगू म्हणत ऱ्हायलं बघ."

"शहाण्णवात सम्मेद बिनलग्नाचा हुता, आण्णा. त्याचं लगीन सत्त्याण्णवात झालं. त्याचं गुणमेलन तुम्हीच केलासा. आणि ते चांगल्या अक्षरात लिहून कुणी दिलं? मी."

हे मला माहीत नव्हतं. तीस वर्षं भिंतीला भिंत, आणि हे मला माहीत नव्हतं.

"तात्या जाताना, लगीन करता आलं न्हाय म्हणून माझी माफी मागून गेला," ती म्हणाली. "तुमी उशाला बसला हुतासा."

आण्णांचा आवाज चिरकला. "पोरी, लेकीवानी सांभाळलं की तुला!"

"लेकीला उजवून देत्यात, आण्णा."

चंदनानं पिशवीतून कोरा पत्रिकेचा कागद आणि पेन काढून त्यांच्या हातात दिलं. "माझी पत्रिका मांडा. आत्ता. माझ्यासमोर."

ती पुस्तकातले आकडे वाचत गेली आणि आण्णा प्रत्येक ग्रहातून अयनांश वजा करत गेले. हिशेब कुठं चुकला नाही. मंगळ सहाव्यात पडला. सातवं घर मोकळं राहिलं. खाली विवाहयोगाची ओळ आली तसं त्यांनी पेन थांबवलं.

"लिवा की," चंदना म्हणाली. "गिऱ्हाईकाला लिवता तसंच."

आण्णांनी दशा बोटांवर मोजल्या, परत मोजल्या, आणि लिहिलं: पंचविसाव्या वर्षी विवाह, संसार सुखाचा.

पंचविसावं वर्ष म्हणजे शहाण्णव साल. ओळीतला एक शब्दही खरा मानायची माझी तयारी नव्हती, तरी माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"उद्या कार्यालय उघडशील न्हवं?" आण्णांनी विचारलं. विचारायलाही लाज वाटली नाही म्हाताऱ्याला.

"मोनाची पत्रिका द्यायची ऱ्हायलीय, तेवढी देईन. मग किल्ल्या हंबीररावांकडनं मागून घ्या."

तिनं पत्रिकेची घडी करून पिशवीत ठेवली. मग ती जुनी चिठ्ठी परत आण्णांच्या पुढं धरली आणि आपल्या नावावर बोट ठेवलं. आण्णांना समजलं. त्यांनी त्या कोऱ्या जागेत लिहिलं, 'दुरुस्त दिली', आणि त्या दिवसाची तारीख घातली.