पाळी नियमित येते का?

नांदेडहून मी त्या गावात गेले तेव्हा भूकंपाला काही वर्षं झाली होती. किल्लारीच्या बाजूचं गाव, जुनी जागा सोडून नव्यानं वसवलेलं. घरं सगळी एकसारखी, त्यामुळे गावातले म्हातारे अजूनही चुकून शेजाऱ्याच्या दारात चपला काढायचे. वयात येणाऱ्या मुलींना आपल्या शरीराबद्दल काय माहीत असतं, याचा अभ्यास आम्ही करत होतो. सोबत कामाला उदगीरच्या आपा होत्या. तीन लेकींची आई, आवाज खणखणीत. मी बिनलग्नाची, आणि प्रश्न विचारायच्या आधीच मला घाम फुटायचा.

समाजमंदिरात मुली आणि त्यांच्या आया जमल्या. मागोमाग पुरुषही येऊन बसले. भूकंपानंतर कागद घेऊन आलेल्या माणसाकडून काही ना काही मिळायचंच, पत्रे नाहीतर भांडी. असं असताना घरी कोण बसणार?

"जरा बाहेर थांबता का?" मी विचारून पाहिलं. कोणी हललं नाही. शेवटी खाली मान घालून, कसाबसा आवाज काढून मी पहिला प्रश्न विचारला.

"पाळी नियमित येते का?"

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. पटकेवाले एक आजोबा मात्र उठून उभे राहिले.

"कशाची नियमित! कवा येती, कवा न्हाई. वरचे लोक मधीच फोडून घेतेत. आमच्यापस्तोर थेंब येत न्हाई, बाई!"

आजोबा कालव्याच्या पाण्याच्या पाळीबद्दल बोलत होते. "हाव, खरं हाय," मागून दोघातिघांनी दुजोरा दिला. "तेवढं वर सांगा," असंही बजावलं. पोरी एकमेकींच्या पाठीत तोंड खुपसून हसत होत्या. मी तशीच मान हलवत राहिले.

तेवढ्यात आपा उठल्या. "बरं झालं भाऊ, थांबले तुम्ही. पुरुषांच्या नसबंदीचीबी माहिती द्यायची हाय. पहिले तेच घेऊ. कोण तयार हाय, समोर या."

क्षणात समाजमंदिर रिकामं झालं. आजोबा काठी तिथंच टाकून गेले. आपांनी दार लावून घेतलं.

त्या मुलींमध्ये एक लातूरला शिकवणीला राहणारी होती, सुट्टीला आलेली. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली शिकवण्या आणि भिंतीभिंतीवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. हिलाही डॉक्टर करायचं ठरलेलं. प्रजननाबद्दल विचारताच तिनं डोळे मिटून अख्खा धडा धडाधडा म्हणून दाखवला. आया कौतुकानं बघत राहिल्या.

"तुला पहिल्यांदा आली तेव्हा काय वाटलं?" मी विचारलं.

तिचा आवाज एकदम उतरला. "तवा आम्ही पत्र्याच्या शेडात व्हतो. मला वाटलं, भूकंपात आत कायतरी फुटलं. आता मी बी मरणार. माय आधीच रडत व्हती, म्हणून न्हाई सांगितलं."

"मग धडा शिकलीस तेव्हा कळलं ना?"

"ते पुस्तकातलं हाय ना मॅडम. ते मार्कासाठी."

तिची आई शेजारीच बसली होती. तिनं लेकीचा हात धरला. "मला सांगायचं की गं, बाय."

"तू तरी कुठं सांगितलं मला?"

आईनं तिची ओढणी सारखी केली. मग म्हणाली, "मला तरी कोण सांगितलं? कावळा शिवला म्हणले. मला खरंच वाटलं. दोन साल दिसंल त्या कावळ्याला दगडं मारले मी. एक तर मास्तराच्या टकलावर बसला."

"कावळा?" आपांनी विचारलं.

"न्हाई ओ, दगड!"

सगळ्याजणी लोळायच्या बाकी राहिल्या. लेक आईच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती आणि ओढणीनं डोळे पुसत होती. मग ज्यांची अजून सुरुवात व्हायची होती अशा दोघी-तिघी तिच्यापुढं सरकल्या आणि ती त्यांना समजावू लागली. या वेळी डोळे उघडे, शब्द घरचे. मध्येच एका चिमुरडीनं विचारलं, "मग पोरायला काय व्हतं?"

मी आपांकडे पाहिलं. मुलगी मात्र थांबली नाही. तिनं तेही सांगायला घेतलं, चांगल्या मोठ्या आवाजात. आईनं पदर तोंडावर ओढला, पण कान तिकडंच होते.