हिरव्या दाराचा पत्ता

चौकशीबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. एका प्रवासी कंपनीच्या चौकशीच्या खिडकीत ती बावीस वर्षं बसली, त्यातून ते पडलं. कुठली गाडी कुठून सुटते, सामान किती चालतं, तान्ह्या बाळाला तिकीट लागतं का, सगळं तिला तोंडपाठ. विचारलेलं सांगायचीच, आणि न विचारलेलंही सांगायची. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, माझ्याकडे एवढी बंद पडलेली घड्याळं येतात, एखाद दिवस तूही बंद पडलीस तर काय बिघडेल?

पुढे लोक तिकिटं फोनवरच काढायला लागले आणि ती खिडकीच उठली. आता बोलायची एवढी सवय असलेली बाई घरात भिंतींशी बोलणार की काय? तिने टायरच्या दुकानावरची खोली घेतली आणि मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायला सुरुवात केली. व्याकरणाला तिने हात लावला नाही. शिकवायचं ते सगळं प्रवासाचं: सामान हरवलं तर काय म्हणायचं, हॉटेलात खोली कशी मागायची, रस्ता कसा विचारायचा. आठवड्याला एक विषय, आणि त्यावर प्रत्येकाने आपल्या फोनवर दोन मिनिटांचा व्हिडिओ करून आणायचा. दिवसभर राबून आलेली माणसं ती, वर्गात तोंड उघडायला लाजायची. पण फोन समोर धरला की भीड चेपायची. एक गवंडी तर सिमेंटच्या गोणीवर बसून, कमरेला सुतळी बांधून, आपलं विमान आता उतरतंय असं सांगत होता. बाईच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं.

नियम एकच. कोणी काही विचारलं तर मख्खासारखं गप्प बसायचं नाही. चुकलं तर चुकलं, पण पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं.

त्या आठवड्याचा विषय होता, पाहुण्याला आपली गल्ली दाखवा. त्यात चौदा नंबरच्या बसच्या ड्रायव्हरने बाजी मारली. वर्गात त्याला सगळे कॅप्टन म्हणत. चाळिशीचा, भाबडा, मदतीला सदा एका पायावर तयार असलेला माणूस. पाण्याच्या टाकीच्या स्टॉपवर उतरून तो फोन पुढे धरून चालत गेला होता. हे केस कापणाऱ्याचं दुकान, हा नळ, ही लाँड्री. लाँड्रीत वर्गातलीच इस्त्रीवाली कपडे घडी करत होती. कॅप्टनने आवाज दिल्यावर तिने मान वर केली, हसली, हात हलवून वेलकम म्हणाली. व्हिडिओ वर्गापुरताच असतो, हे तिला माहीत होतं, म्हणून हसली. कॅप्टनला मात्र तो इतका आवडला, की त्याने उत्साहाच्या भरात तो इंटरनेटवर टाकून साऱ्या जगाला दाखवला.

शनिवारी तीनच्या वर्गाला कॅप्टन नव्हता, साडेचारपर्यंत पाळी होती त्याची. पण बाईने त्याचा व्हिडिओ भिंतीवर मोठा करून लावला. कौतुक तेवढ्यावर थांबतंय कुठे! खाली लोकांनी काय काय लिहिलंय तेही ती वाचून दाखवायला लागली. एका परक्या माणसाने इंग्रजीत विचारलं होतं, गल्ली सुंदर आहे, कुठे आहे ही? लाँड्रीतली ती बाई तिथेच राहते का? मी शनिवारी येतोय. आणि कॅप्टनने, नियमाला धरून, पूर्ण वाक्यांत उत्तर दिलं होतं: होय, ती लाँड्रीच्या मागे राहते. दार हिरवं आहे. स्टेशनवरून पावणेचारची चौदा नंबर बस पकडा, टाकीच्या स्टॉपला उतरा, तिसरी गल्ली. बस मीच चालवतो, यू आर मोस्ट वेलकम.

बाई म्हणाली, बघा, याला म्हणतात उत्तर. वर्गाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा मागच्या बाकावरून इस्त्रीवाली उठून गेलेली होती.

बाईला वाटलं, तिला बरं वाटत नसेल. ती मागोमाग जिन्यात गेली. इस्त्रीवाली चौथ्या पायरीवर कठडा धरून उभी होती. तिशीची पोर, आठ महिन्यांपूर्वी कुठूनशी आलेली. उजवं मनगट नीट वळत नसल्यामुळे डाव्या हाताने इस्त्री करायची. मनगटाचं काय झालं, हे बाईने एकदा विचारलं होतं, तेव्हा तिने पडले एवढंच सांगितलं होतं.

"बाई, तो माझा नवरा आहे," ती म्हणाली. "त्याच्या नावापुढे कुत्र्याचा फोटो आहे ना, तो कुत्रा मी वाढवलाय."

पोलिसांकडे जाऊ या, बाई म्हणाली. इस्त्रीवालीने सांगितलं, एकदा गेले होते. त्यांनी त्यालाच बोलावून घेतलं आणि दोघांची समजूत घालून एकत्र घरी पाठवलं. त्या रात्री मनगट गेलं. मग माझ्या घरी चल, बाई म्हणाली. त्यावर ती म्हणाली की व्हिडिओच्या शेवटी वर्गाचं नाव आहे, तुमचं नाव आहे, फोटोही आहे. तो आधी तुमच्याच दारात येईल.

तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. कॅप्टनला फोन लावला, तो बंद. ड्युटीवर चढताना ड्रायव्हरांना फोन डेपोत ठेवून द्यावा लागायचा. पावणेचारला बस स्टेशनवरून सुटणार, चार वाजून दहा मिनिटांनी टाकीपाशी येणार. उलट दिशेची, स्टेशनकडे जाणारी बस चार वाजून पाच मिनिटांची. पाच मिनिटांचं अंतर! त्यात इस्त्रीवालीने निघून जायचं, असं ठरलं. वर्गाला काहीबाही सांगून बाईने घरी पाठवलं.

हिरव्या दाराला कुलूप घालून इस्त्रीवाली एका पिशवीनिशी आली आणि समोरच्या स्टॉपवर, जाहिरातीच्या फलकाआड उभी राहिली. बाई रस्त्याच्या अलीकडे, टाकीखाली. चार पाच झाले. चार सात झाले. स्टेशनकडच्या बसचा पत्ता नाही. बावीस वर्षं बाईने लोकांना शांतपणे सांगितलं होतं, गाडीला थोडा उशीर आहे, बसा. आता तीच दर मिनिटाला घड्याळ बघत होती. आणि चार वाजून आठ मिनिटांनी, चक्क दोन मिनिटं आधी, वळणावरून चौदा नंबर आली.

बस थांबली, आणि समोरचा स्टॉप तिच्या आड गेला. पुढचं दार उघडलं. कॅप्टनचा चेहरा आनंदाने नुसता फुलला होता. पाहुणे आणलेत, असं त्याने आतूनच सांगितलं, वाटभर इंग्रजीत गप्पा झाल्या म्हणाला. पाहुणा उतरला. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस, हातात कागदी पिशवी. राक्षस वगैरे अजिबात दिसत नव्हता हो! एखाद्या शाळेत हिशेब लिहीत असावा, असा साधा. त्याने बाईला ओळखलं, व्हिडिओत पाहिल्याचं सांगितलं, आणि मऊ आवाजात विचारलं, लाँड्रीकडे कसं जायचं?

बाईला कळत होतं, बस हलली की समोरचा स्टॉप उघडा पडणार. तिने एक पाय पायरीवर ठेवला आणि दाराचा दांडा घट्ट धरला. मग तिने सुरू केलं. गल्लीत पाण्याची मोठी नळी फुटलीय, सगळा रस्ता खोदलाय, इथून जाताच येत नाही. याच बसने शेवटच्या स्टॉपला जायचं, तिथून शाळेच्या मागून, मग कारखान्याची भिंत, मग दुसरं वळण. एवढं खोटं ती जन्मात बोलली नव्हती, पण बोलायला लागली तर ते खऱ्यासारखंच सुरेख यायला लागलं.

घोळ घातला तो कॅप्टनने. त्याने आतून मान बाहेर काढून सांगितलं, बाई, काहीतरी चुकतंय, मी दुपारी गल्लीतूनच आलो, कुठे काही खोदलेलं नाही. आणि इथून तर दोन मिनिटांवर आहे.

"आत्ता फुटलीय," बाई म्हणाली. "मी तिथूनच आले, चिखल तुडवत."

पाहुण्याने तिच्या पायांकडे पाहिलं. पाय कोरडे ठणठणीत होते. मागे बसलेले लोक कुरकुरायला लागले होते, कोणीतरी सीटवर थापा मारत होतं. बाई दांडा काही केल्या सोडत नव्हती, आणि ते कॅप्टनच्या नजरेत आलं. त्याने एकदा हाताकडे पाहिलं, एकदा बाईच्या तोंडाकडे. भाबडा असला तरी गाढव नव्हता तो.

त्याने सावकाश सांगितलं, की हो, मघाशी डेपोतून निघताना कोणी तसं बोललं होतं खरं, माझ्याच लक्षात राहिलं नाही. साहेब, बसा. शेवटच्या स्टॉपवर माझी पाळी संपते, मी स्वतः तुम्हाला पायी दारापर्यंत सोडतो.

पाहुणा हसला. दोन तास प्रवास करून आलोय, आणखी अर्ध्या तासाने काय होतंय, म्हणाला. पायरी चढता चढता थांबला आणि कागदी पिशवी त्याने बाईच्या हातात दिली.

"तिच्या चपला आहेत. अनवाणीच निघाली होती हो, ऐन थंडीत. तुम्ही नुसत्या तिच्यासमोर ठेवा. मी आलोय हे सांगायची गरज नाही, कळेल तिला." मग त्याने मान लववली. "तुमच्यासारखी मनापासून रस्ता सांगणारी माणसं आता राहिली नाहीत."

दार बंद झालं, बस गेली. रस्ता मोकळा झाला, आणि समोर फलकाआडून इस्त्रीवाली पुढे आली. अजून तिथेच! तिने बाईच्या हातातली पिशवी पाहिली, पिशवीतून डोकावणारा चपलेचा पट्टा पाहिला आणि ती एक पाऊल मागे सरली. बाईने पिशवी पाठीमागे लपवली, पण काय उपयोग. तेवढ्यात स्टेशनची बस आली, मध्ये थांबली, गेली. स्टॉपवर कोणी उरलं नव्हतं.

सातच्या सुमाराला कॅप्टन वर्गात आला. पाहुण्याला त्याने भलत्या गल्ल्यांतून पाऊण तास फिरवलं होतं, वाटेत दोनदा वाट चुकल्याचं सोंग करून. मग त्या माणसाने लोकांना विचारत विचारत आपलं आपण हिरवं दार शोधलं. कॅप्टन लांबून बघत होता. कुलपाला हात लावून तो बराच वेळ पायरीवर बसला, आणि स्टेशनच्या बसने परत गेला. तो माणूस कोण, हे बाईने सांगितलं तेव्हा कॅप्टनला रडू कोसळलं. आठ हजार लोकांनी पाहिलेला व्हिडिओ त्याने बाईसमोर पुसून टाकला. त्याच्या मुलीने ज्याची शाळेत फुशारकी मारली होती, तोच.

"माझ्या हाताने पत्ता दिला मी, बाई."

"आणि तो मी भिंतीवर मोठा करून वाचला," बाई म्हणाली. तिने त्याला पाणी दिलं.

तो गेल्यावर तिने पिशवी उघडली. साध्याच चपला, पण काय जपल्या होत्या! पॉलिश करून चकचकीत, आणि तुटलेला एक पट्टा नव्या दोऱ्याने, बारीक टाके घालून शिवलेला. तो पट्टा कशाने तुटला असेल, आणि तो शिवत बसलेल्या माणसाच्या मनात काय चाललं असेल, हे बाईच्या डोक्यात आलं आणि तिला तेव्हा कुठे खरी भीती वाटली. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, कोणाच्या चपला? त्या पोरीच्या आहेत, एवढंच ती म्हणाली. मग द्यायच्या कुठे, कुठल्या गावाला गेली ती? त्याने पुन्हा विचारलं.

इस्त्रीवालीने सांगितलं नव्हतं आणि बाईने विचारलं नव्हतं. गाडी कुठली, उतरणार कुठे, काही म्हणजे काही तिला ठाऊक नव्हतं. मला माहीत नाही, ती म्हणाली, आणि बोलता बोलता तिला रडू आलं, ते आनंदाचं होतं. उद्या तो माणूस परत येऊन हजारदा विचारेना का. बाईकडे त्याला द्यायला काही नव्हतं.