समासातली माणसं

शांतवन गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या एसटी स्टँडवर, अमरावतीच्या गाडीत बसलेलो. त्याच्याकडेच निघालो होतो. तीन महिने 'येतो, येतो' करत अखेर निघालो होतो... आणि हा थांबला नाही!

आम्ही दोघं अकोटच्या एका शाळेत मास्तर. तो ख्रिस्ती, मी बौद्ध. वादाला विषयांची कधी ददात पडली नाही. निवृत्तीनंतर तो अमरावतीला गेला आणि पणजोबांच्या जुन्या मराठी बायबलात बुडाला. दुष्काळात पोरका झालेला पणजोबा त्याच पुस्तकावर अक्षरं शिकला. समासात त्याची वाकडीतिकडी बाराखडी. जिथं रडू आलं तिथं आजीनं काढलेल्या फुल्या. बापाचं तर भाषांतराशीच भांडण : 'आपल्याकडं असं कोणी बोलत नाही.'

"छापखाना लय मागून आला," शांतवन सांगायचा. "त्याच्याआधी हजारावर वर्षं लोकायनं शास्त्र हातानं उतरवलं. चुकले, थंडीनं बोटं आखडली, तेही कडंले लिहून ठेवलं. शास्त्र सगळेच वाचतात गड्या, वाचणाऱ्याले कोण वाचते?"

ते समास तो वहीत उतरवत होता. निम्म्यावर डोळ्यांनी दगा दिला. "तू मोबाइलवर फोटो काढून दे ना बाप्पा, शाई उडून राहिली." काढतो म्हणालो. मग माझा गुडघा, मग नातीची परीक्षा... नालायकाला कारणांचा काय तोटा!

पोचलो तेव्हा शवपेटी अंगणात होती. माणसाचं रोजचं बायबल त्याच्यासोबत द्यायची त्यांच्या घरची रीत. पण शांतवननं रोजच्या आणि जुन्या, दोन्ही पुस्तकांना वहिनींच्या एकाच लुगड्याची खोळ शिवलेली. वहिनींनी रडतरडत एक त्याच्या हाताखाली सरकवलं. खोळीतून पानांची कड दिसली. पिवळी, झिजलेली. हे तर पणजोबांचं! एक शब्द पुरला असता. पण वहिनी त्याची बोटं एकेक करून पुस्तकावर ठेवत होत्या, आणि माझी जीभ काही रेटली नाही. झाकण लागलं.

परवा वहिनींचा फोन आला. "भाऊजी, जुनं पुस्तक घरात कुठंच दिसून नाही राहिलं. फोटोसाठी तुमीच नेलं असन ना?"

"हो वहिनी," मी म्हणालो. "माझ्याकडंच आहे."

"देवा! माया जीव भांड्यात पडला. सावकाश आणा. आमचा पयला पोरगा सहा दिवसच जगला ना भाऊजी... यायनं त्याचं नाव तेवढं त्याच पुस्तकात लिहून ठेवलं हाये."