भिंतीवर पास झालेली रॅकेट

मागच्या व्हिडिओ कॉलवर माझ्या मागे खुंटीला लटकलेली पोपटी रॅकेट बघून तुम्ही दोघं इतकी हसलात की आजोबांना वाटलं, फोनच बिघडला. "आजी, हा रंग तू निवडलास?" असं धाकटीने विचारलं. रंग मी निवडला नाही. खरं सांगायचं तर रॅकेटही मी एकटीने निवडली नाही. ते कसं झालं हे कॉलवर सांगण्यासारखं नव्हतं, कारण माझं बोलणं मुद्द्यावर येईपर्यंत तुमची शाळेची बस येते. म्हणून लिहून पाठवते आहे. सावकाश वाचा.

तुम्हाला माहीत आहे की मी रोज सकाळी छावणीच्या बाजूच्या क्लबात टेनिस खेळायला जाते. एकेरी खेळणं गुडघ्यांनी कधीच बंद करवलं. आता फक्त दुहेरी. माझ्या जोडीदारीणबाई म्हणजे आपा. त्या उर्दू शाळेत गणित शिकवायच्या आणि मी कॉलेजात इंग्रजी. दोघी निवृत्त झालो त्याच वर्षी कोर्टावर भेटलो आणि तेव्हापासून एकत्र खेळतो. त्या मला 'मॅडम' म्हणतात, मी त्यांना 'आपा' म्हणते, आणि कोर्टावर आम्ही एकमेकींना जे बोलतो ते तुम्हाला ऐकवण्यासारखं नाही. आपा मागच्या रेषेवरून जोरात मारतात. मी नेटजवळ उभी राहते आणि मधेच येणारा बॉल जमिनीवर पडायच्या आत अडवते. म्हणजे अडवायची.

माझी जुनी रॅकेट तुमचा बाबा इंजिनीअरिंगला गेला त्या वर्षी घेतलेली. ती एकेरी खेळणाऱ्या दणकट पुरुषाला शोभावी इतकी जड होती. त्या वेळी मला त्याचा अभिमान वाटायचा. यंदा दिवाळीनंतर मात्र माझं कोपर दुखायला लागलं आणि नेटवर मला उशीर होऊ लागला. बॉल दिसायचा, कुठे येणार तेही कळायचं, पण रॅकेट तिथे पोहोचेपर्यंत तो निघून गेलेला असायचा. एकदा तर मी सोडलेला बॉल सरळ आपांच्या खांद्यावर बसला. त्यांनी नुसता खांदा चोळला. आपा काही बोलत नाहीत तेव्हा घाबरावं, हे मला इतक्या वर्षांत समजलं आहे.

त्याच सुमारास एक नवीन बाई क्लबात यायला लागल्या. निवृत्त कर्नलसाहेबांच्या पत्नी. आम्ही त्यांना आपसात कर्नलीणबाई म्हणतो. वयाने आमच्याहून सहा-सात वर्षांनी लहान, खेळ उत्तम, आवाज परेडच्या मैदानावरचा. एका सकाळी त्यांनी माझ्यासमोरच आपांना विचारलं, "आपाजी, जनवरी के टूर्नामेंट में मेरे साथ खेलेंगी?"

जानेवारीत क्लबात ज्येष्ठ महिलांच्या दुहेरीचे सामने असतात. बक्षीस म्हणून एक स्टीलचा डबा मिळतो. आमच्याकडे असे तीन डबे आहेत. एकात साखर असते, बाकीचे दोन आपांकडे आहेत.

मला वाटलं, आपा ताबडतोब नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "नाम देने को आठ दिन हैं ना? बताती हूँ."

मी बुटाची नाडी पुन्हा बांधायला खाली वाकले. ती सुटलेली नव्हती.

घरी येऊन मी माझ्या स्वभावाप्रमाणे वही काढली. शिकवत असताना मला एक सवय लागली होती. मन खट्टू झालं की कोष्टक आखायचं. रॅकेटचं वजन, तोंडाची रुंदी, तोल, मूठ, असे रकाने पाडले. तुमच्यातल्या थोरल्याने पाठवलेला तो लांबलचक इंग्रजी लेख वाचून काढला. आणि दुसऱ्या दिवशी क्रांती चौकाजवळच्या खेळाच्या दुकानात गेले.

दुकानदार तुमच्या बाबाच्या वयाचा. त्याचा सगळा धंदा क्रिकेटच्या बॅटींवर आणि कॅरम बोर्डांवर चालतो. टेनिसच्या रॅकेटी वर, छताजवळ. मी म्हटलं, "मला तीन-चार रॅकेटी घरी न्यायच्या आहेत, आठ दिवसांसाठी. पसंत पडेल ती ठेवीन."

"मावशी, ही काय साडी आहे का, पसंतीला घरी न्यायला?"

"साडी घरी नेऊन निदान नेसून बघता येते," मी म्हटलं. "ही तर तुम्ही इथे हातातही नीट धरू देत नाही. मागच्या गिऱ्हाइकाच्या डोक्याला लागेल म्हणता."

तो हसला. कंपनीच्या माणसाने दाखवायला ठेवलेल्या तीन वापरलेल्या रॅकेटी त्याने आतून काढल्या. एक निळी, एक काळी आणि एक ही पोपटी. "हिला कुणी हात लावत नाही," तो पोपटीकडे बोट दाखवून म्हणाला, "पण न्या, तेवढीच हवा खाईल."

आता माझी चूक ऐका. चार दिवस मी क्लबात गेलेच नाही. आपल्या सोसायटीच्या मागे जी कोरी भिंत आहे, तिच्यावर मी तिन्ही रॅकेटींची परीक्षा घेतली. रोज सकाळी, एकेका रॅकेटने, न चुकता सलग किती वेळा बॉल परत येतो ते मोजायचं. मोजायला आजोबांना खुर्ची टाकून बसवलं होतं. ते पेपरच्या आडून ओरडायचे, "शंभर! आता पोह्यांचं काय?" निळीच्या तोंडाकडे वजन जास्त होतं. बॉल नुसता लागला तरी दणक्यात जायचा. तिला मी दहापैकी नऊ गुण दिले. काळीला सहा. पोपटी इतकी हलकी आणि तोंडाने इतकी रुंद होती की पापड तळायच्या झाऱ्याने खेळल्यासारखं वाटायचं. बॉल भिंतीपर्यंत जेमतेम पोहोचायचा. तिला चार दिले, तेही अक्षर चांगलं असलेल्या नापास मुलीला देतात तसे.

पाचव्या दिवशी मी निळी हातात आणि बाकीच्या दोन पिशवीत घेऊन ताठ मानेने कोर्टावर गेले. आपांना काही सांगितलं नाही. ठरवलं होतं की आधी खेळून दाखवायचं, मग बोलायचं.

सरावाला पलीकडून आपांनी मारलेला पहिला बॉल माझ्या अंगावर आला. मी रॅकेट वळवायला घेतली आणि ती वळेपर्यंत बॉल पोटाला लागला. दुसरा डाव्या बाजूने निघून गेला. तिसरा रॅकेटच्या काठावर बसला, सरळ वर उडाला, कुंपणापलीकडे गेला आणि रस्त्याने चाललेल्या दूधवाल्याच्या दोन किटल्यांच्या मधे पडला. त्याने तो परत फेकला. माझ्यापेक्षा बरा फेकला.

आपा कोर्टावरच खाली बसल्या. मला वाटलं पाय मुरगळला. त्या हसत होत्या.

"क्या मॅडम, ही तोफ कुठून आणली?"

"तिघींतून तपासून आणली आहे. चार दिवस."

"कुणासोबत?"

"भिंतीवर."

"भिंतीवर!" त्यांनी डोळे पुसले. "भिंत कधी डोक्यावरून उंच लॉब देते का? भिंत कधी अंगावर मारते का? मॅडम, भिंत तुमचाच बॉल तुम्हाला परत देते, तुमच्याच चालीने. तिच्यासमोर तर माझी नात पण जिंकते. आणि भिंतीपासून किती लांब उभ्या होत्या तुम्ही? नेटवर काय तसंच उभं राहता?"

मी पंधरा पावलं मागे उभी राहिले होते. वहीत तसं लिहिलंही होतं. नेटवरच्या खेळाची परीक्षा मी मागच्या रेषेवर घेतली होती.

पण मला वेगळंच विचारायचं होतं, आणि आता ताठ मानेचा काही उपयोग राहिला नव्हता. "आपा, तुम्ही कर्नलीणबाईंना काय सांगणार आहात?"

त्यांचं हसू थांबलं. "तुम्ही चार दिवस आला नाहीत. फोन नाही, काही नाही. मला वाटलं, मॅडमला आता सुटायचंय. कोपर दुखतं, जाऊ दे, जबरदस्ती कायकू करायची."

"आणि मला वाटलं, तुम्हालाच सुटायचंय. तुम्ही लगेच नाही म्हटलं नाहीत."

"खोटं नाही बोलणार," आपा म्हणाल्या. "दोन दिवस विचार केला मी. ती बाई लई भारी खेळते. मग एक दिवस तिच्यासोबत खेळून बघितलं. पूर्ण तासात मला सात बॉल मिळाले. मी मोजले. माझ्या वाट्याचे पण तीच मारते! मी उभी राहून हवा खात होते. मला जोडी पाहिजे मॅडम, तमाशा बघायचा असता तर बाकावर बसले असते."

मग त्या उठल्या, ओढणी कमरेला बांधली आणि म्हणाल्या, "बाकीच्या दोन कुठे आहेत? काढा."

आणि तुम्हाला आश्चर्य वाटेल, त्यांनी मदतीला कुणाला बोलावलं तर कर्नलीणबाईंनाच. "भाभी, हमारे मॅडम को ज़रा मारो," असं ओरडून सांगितलं. कर्नलीणबाई आनंदाने पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. मी नेटवर माझ्या जागी, आपा मागे त्यांच्या जागी. रॅकेट आपा माझ्या मागून हातात द्यायच्या आणि बजावायच्या, "रॅकेटकडे बघायचं नाय. समोर बघायचं." दर दहा बॉलनंतर त्या पुढे येऊन हातातली काढून दुसरी द्यायच्या. कर्नलीणबाईंनी काही दयामाया दाखवली नाही. अंगावर, डावीकडे, उजवीकडे, पायाशी, डोक्यावरून, नुसता मारा.

जी रॅकेट हातात असताना मी दहातले आठ बॉल अडवले, ती कोणती हे मला खाली बघितल्यावर कळलं. पोपटी.

"शक्यच नाही," मी म्हटलं. "हिला चार गुण आहेत."

"तुमच्या वहीला टीसी देऊन टाका," आपा म्हणाल्या.

"पण आपा, हिच्यात जोरच नाही."

"जोर तुम्हाला कशाला पाहिजे? समोरचा जोर घेऊन येतो, आणि मागे मी आहे ना, जोर मारायला. तुम्ही फक्त वेळेवर तिथं पोचा."

मी पुन्हा एकदा, या वेळी मुद्दाम बघत, पोपटी हलवून पाहिली. तोंड हलकं असल्यामुळे मनगट वळलं की ती वळत होती. तोंड रुंद असल्यामुळे थोडं चुकलं तरी बॉल लागत होता. आणि एवढा वेळ कोपर एकदाही दुखलं नव्हतं, हे तर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कोपराचा रकाना मी वहीत पाडलाच नव्हता. इतकी वर्षं प्रश्नपत्रिका काढल्या, आणि स्वतःची काढताना मुख्य प्रश्नच विसरले.

कर्नलीणबाई नेटपाशी आल्या. "तो फिर आपाजी, मेरा जवाब?"

मी दोघींच्या मधे उभी होते. जागा सोडून जावं असं वाटलं, पण गेले नाही.

"भाभी, हमारी जोडी पक्की है," आपा म्हणाल्या. "तुम्हारे लिए ढूँढ देते हैं किसी को. जिसको हवा खाने का शौक हो."

कर्नलीणबाई इतक्या मोठ्याने हसल्या की पलीकडच्या कोर्टावरची सर्व्हिस चुकली. मग त्यांनी माझ्याकडे बघून बोट उगारलं. "मैडम, फ़ाइनल में मिलेंगे."

त्याच दिवशी आपा आणि मी रिक्षाने दुकानात गेलो. दुकानदाराने पोपटी माझ्या हातात बघितली. "मावशी, नक्की? नवी रॅकेट याच रंगात येईल, दुसऱ्या नाही."

"नक्की. आणि तारांची गटिंग थोडी सैल ठेवा. कोपर दुखतं."

"ही कुणी पसंत केली?" त्याने विचारलं.

आपा आणि मी एकदम म्हणालो, "मी."

फायनलमध्ये आम्ही भेटलो नाही. त्याआधीच, उपांत्य फेरीत भेटलो. कर्नलीणबाईंना एक शांत, हसऱ्या डॉक्टरीणबाई जोडीदार मिळाल्या होत्या आणि त्यांच्या वाट्याला खरंच फार बॉल आले नाहीत. पहिला सेट त्यांनी घेतला, दुसरा आम्ही. तिसऱ्यात एकदा कर्नलीणबाईंनी इतक्या जवळून माझ्या छातीवर मारला की मी डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा बॉल नेटच्या पलीकडे, त्यांच्या पायाशी, गुपचूप पडलेला होता. मागून आपा ओरडल्या, "अगं बाई!" ही तर माझी नेहमीची आरोळी. त्या नेहमी 'हौ ना' म्हणतात.

तिसरा सेट आम्ही हरलो. अगदी थोडक्यात. टॉवेल खांद्यावर टाकून चहाला बसलो तेव्हा आपा म्हणाल्या, "ती शेवटची सर्व्हिस तुम्ही बाहेर मारली नसती तर फायनलला आपण असतो, आणि डबाही आपलाच होता."

"माझी सर्व्हिस? आणि तुम्ही तो सोपा लॉब जाळीत घातलात त्याचं काय?"

"तो सोपा होता? सूर्य डोळ्यात होता!"

"सूर्य तुमच्या पाठीमागे होता, आपा."

"मग तुमच्या रॅकेटवरून चमकला असेल. असा रंग घ्यायला कुणी सांगितलं होतं?"

चहा निवून गेला तरी आमचं चालूच होतं. शेवटी कर्नलीणबाईंनीच दुसरा मागवला.