टाच टेकव

रंगमंचाच्या कडेला राळेच्या चुऱ्याची पेटी असते. पायाच्या बोटांवर नाचताना घसरू नये म्हणून आम्ही बॅलेचे बूट तिच्यात घासतो. त्या वासानं मी दर वेळी जळगावच्या एका माडीवर जाऊन पोचते.

तिथल्या सोनाराच्या कारखान्यात माझे वडील, आबा, गरम राळेत सोन्याचे दागिने बसवून नक्षी ठोकायचे. दिवसभर सोनं घडवणाऱ्या या माणसाच्या घरी आईच्या गळ्यात नुसते काळे मणी होते. मी दहा वर्षांची, त्यांचा डबा पोचवायचे. पायाच्या बोटांवर चालायची मला खोडच होती. एका दुपारी निघताना कारखान्याच्या मालकानं, शेठनं, मला दारात अडवलं.

"बोटांवर का चालतेस गं? तळव्याला काय चिकटवलंय?"

"काही नाही. आवडतं मला."

"आवडतं म्हणे! बस खाली."

सोन्याची धूळ झाडायच्या ब्रशनं त्यानं माझे तळवे कागदावर खरवडून घेतले. कारागीर हसत होते. आबा राळेकडे बघत पुटपुटले, "घासू दे माय, वाद नको."

कागदावर नुसती माती पडली, सोन्याचा कणही नाही.

"उद्यापासून टाच टेकवून यायचं," शेठ म्हणाला. चुकलं, असं काही म्हणाला नाही.

आबांवर मी कित्येक वर्षं चिडून होते. त्यांची नोकरी त्या कागदावर काय पडतं यावर होती, हे आता कळतं. शेठला मात्र मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

पुढे शिष्यवृत्तीवर नाच शिकले, शिकता शिकता बी.ए. झाले. घरात पदवी घेणारी मी पहिली. गेल्या महिन्यात आमच्या बॅले कंपनीनं मला मुख्य नर्तिका केलं.