कुल्फीवाल्याचं दूध

मामाचा जोगेश्वरीचा तबेला आणि माझी विक्रोळीची नोकरी एकमेकांच्या आड येतील असं मला बरीच वर्षं वाटलं नव्हतं. आमच्या कंपनीत सूक्ष्मजीवांकडून दुधातलं प्रथिन बनवून घेतात आणि त्यापासून दूध करतात. मोठ्या स्टीलच्या टाक्या असतात, म्हैस कुठेच नसते. मामाला हे ठाऊक होतं. तो हसायचा आणि म्हणायचा, कर बाई तुझं औषधपाणी.

मग एका दुपारी चव घ्यायला ऑफिसात एक गिऱ्हाईक आलं आणि मी दारातच थबकले. अंधेरीचा कुल्फीवाला होता तो. मामाचं निम्मं दूध त्याच्याकडेच जायचं. त्यानेही मला ओळखलं, पण दोघांनीही तसं दाखवलं नाही. दोन वाट्या त्याच्यासमोर ठेवल्या, एक म्हशीच्या दुधाची, एक आमची. आमची त्याने संपवली. उन्हाळ्यात म्हशी आटतात, दुधाची खात्री नसते, हे बरं पडेल, असं तो साहेबांना सांगत होता.

मी मान खाली घालून वाट्या गोळा केल्या. बाहेर काही बोलणार नाही असं मी सही करून दिलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मामा नव्या व्यायलेल्या म्हशी आणायला बाजारात जाणार होता.

संध्याकाळी मी तबेल्यात पोचले तेव्हा तो धारेला बसला होता. मामी चहा ठेवते म्हणाली, मी नको म्हटलं.

"मामा, उद्या जाऊ नकोस."

"का गं?"

"तुझा कुल्फीवाला जाणार."

"कुठे जाणार?"

"आमच्याकडे."

त्याचे हात थांबले नाहीत, पण म्हशीला काय कळलं कोण जाणे, तिने पान्हा चोरला. बादलीतला आवाज बंद पडला. मामाने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बनवणारी तूच आणि सांगायला आलीस तीही तूच."

बाबा गेल्यावर माझं शिक्षण या तबेल्यावरच झालं होतं. ऑफिसात कळलं तर तुझं काय, असं मामीने विचारलं, तेव्हा कुठे मी मागे वळून कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं.

मामा बाजारात गेला नाही, कुल्फीवाल्याकडे गेला. कुणी सांगितलं ते मामाने काढलं नाही, आणि कुल्फीवाल्यानेही विचारलं नाही. पुढच्या महिन्यापासून निम्मंच दूध घेईन, एवढंच तो म्हणाला. आटलेल्या म्हशी मामाने गावाकडे पाठवल्या आणि त्यांच्या जागी नव्या आणल्या नाहीत. एक अख्खी रांग रिकामी झाली. माझी नोकरी टिकली. मामा मात्र माझा फोन घेईना. खुशाली मामीकडून कळायची.

गणपतीत तो घाटकोपरला माझ्या घरी आला. प्रसाद घेतला, पंख्याखाली बसला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग एकदम म्हणाला, "तुमच्या त्या दुधाचं दही लागतं का?"

"नाही. अजून नाही."

दह्यासाठी दूध नेणाऱ्या दोन हॉटेलवाल्यांवरच आता त्याची भिस्त होती. तो उठला, चपला घातल्या.

"लागलं की सांग," तो म्हणाला. "साहेबाच्या आधी मला सांग."

मी हो म्हटलं. टाकीत त्यावर काम सुरू झालं होतं, ते मात्र सांगितलं नाही.